खडीचा ढीग आणि ताळेबंदातला आकडा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मार्चअखेर आली की मुंबई, ठाणे, नवी मुंबई, वसईच्या पट्ट्यातील खडी क्रशर, रेडिमिक्स (तयार काँक्रीटचे) प्लँट, रेती-खडीचे पुरवठादार आणि खोदकामाचे कंत्राटदार यांच्या कार्यालयांत रात्री उशिरापर्यंत दिवे दिसतात. जीएसटीची विवरणपत्रे जुळवायची असतात, बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यायचे असते, ऑडिटरच्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवायची असतात. या सगळ्यात एक आकडा मात्र बहुतेक वेळा खुर्चीत बसूनच लिहिला जातो. ३१ मार्चला आवारात नक्की किती माल पडून होता, तो हा आकडा. शिल्लक माल जेवढ्या रुपयांनी जास्त दाखवाल तेवढ्याच रुपयांनी वर्षाचा नफा वाढतो, कर वाढतो, आणि पुढच्या वर्षी तोच माल ‘गायब’ होतो. वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर करदर आणि मुदती यांवर भरपूर छापून येते. ढीग कसा मोजावा, मशीनचा तास कसा मोजावा, यावर कोणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र, थोडे लांब झाले आहे तरी.

मुळातला घोळ एककांचा आहे. आपल्याकडे खडी-रेतीचा सौदा ब्रासमध्ये होतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. महसूल खात्याचा वाहतूक पास ब्रासमध्ये. काटापावती, म्हणजे वजनकाट्यावरची पावती, टनात. रेडिमिक्स प्लँटचा संगणक किलोत बोलतो आणि काँक्रीटचे बिल घनमीटरवर निघते. चार माणसे चार मापांत नोंदी करतात आणि लेखापाल महिनाअखेरीस ‘१ ब्रास बरोबर साडेचार टन’ असा एक ठरीव गुणक लावून सगळे एकत्र करतो. हा गुणक सर्व मालाला सारखा लागूच होत नाही. २० मिमी खडी सैल भरली तर घनमीटरला साधारण १.४५ ते १.५५ टन, म्हणजे ब्रासला ४.१ ते ४.४ टन बसते. क्रश सँड (दगड दळून केलेली रेती) त्याहून जड, ब्रासला साडेचार ते पाच टनांपर्यंत. म्हणजे क्रश सँडला खडीचा गुणक लावला की दर दहा ब्रासमागे तीन-चार टनांचा फरक कागदावर आपोआप तयार होतो आणि तो चोरीसारखा दिसतो.

उपाय खर्चीक नाही. १५ लिटरचे लोखंडी माप घ्यावे (बारीक रेतीला ३ लिटरचे चालते), त्यात खडी सैल भरावी, वरून पट्टीने सपाट करावी आणि वजन करावे. २२.५ किलो भरले तर घनता १.५, म्हणजे ब्रासला ४.२५ टन. खाण बदलली, क्रशरची जाळी बदलली की हे पुन्हा करावे आणि कागद फाइलला लावावा. हिशेबाचे मूळ एकक टनच असावे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मालाच्या मास्टरमध्ये (मूळ नोंदीत) टन हे मुख्य एकक आणि ब्रास हे पर्यायी एकक ठेवता येते, आणि प्रत्यक्ष आलेला माल व बिलातला माल असे दोन स्वतंत्र रकानेही उघडता येतात. हे दोन रकाने बंद ठेवून काम करणारी कार्यालयेच जास्त. मग आलेली तूट बिलातच मुरते आणि पुरवठादाराकडे मागायची रक्कम कधीच दिसत नाही.

डंपर मापावर घ्यायचाच असेल तर टेप लावूनच घ्यावा. १६ फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि ३ फूट ४ इंच उंच भरलेला हौदा म्हणजे ४०० घनफूट, चार ब्रास. माल कडेपासून तीन इंच खाली असेल तर ३० घनफूट कमी, म्हणजे पाव ब्रासहून जास्त. समोरच्या बाजूला हौदा उचलणाऱ्या जॅकसाठी कोनाडा असेल तर तेवढे घनफळ वजा करावे लागते. ते कोणी करत नाही. दुसरीकडे, खाणीवर काठोकाठ भरलेला माल रस्त्यावर हादरे खाऊन खाली बसतो. पनवेलकडून निघालेली गाडी वडाळ्यात पोचेपर्यंत दोन-तीन इंच बसली तर ती चोरी नव्हे. म्हणून तर वजन हवे. दहा चाकी गाडीची एकूण वजनमर्यादा २०१८ पासून २८.५ टन आहे. रिकामी गाडी ११ टनांच्या आसपास धरली तर साडेसतरा टन माल कायदेशीर बसतो, आणि चार ब्रास खडी नेमकी १७ टन भरते. पाच ब्रासचे चलन आणि दहा चाकी गाडी असा कागद समोर आला तर एकतर माप खोटे आहे किंवा गाडी ओव्हरलोड आहे. दोन्ही गोष्टी लेखापालाच्या टेबलावरच कळण्यासारख्या आहेत.

पण वजनालाही पाणी लागते, आणि मुंबईत तर फारच. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने धूळ रोखण्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत सुट्या मालावर पाणी मारणे आणि तो झाकून नेणे आले. शहराच्या हवेसाठी हे आवश्यकच आहे. हिशेबाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की आता उन्हाळ्यातही क्रश सँड ओली येते. १ किलो रेती तव्यावर कोरडी करावी. ९४० ग्रॅम उरली तर १८ टनांच्या गाडीत १ टनाहून जास्त पाणी विकत घेतले गेले. दिवसाला दहा गाड्या घेणारा प्लँट महिन्याला अडीचशे गाड्यांवर २७० टन पाण्याचे पैसे रेतीच्या दराने देतो. खरेदी आदेशात ‘अमुक टक्क्यांवरील ओल वजा’ ही एक ओळ असावी, रोज सकाळी आणि दुपारी ओल तपासावी आणि ती काटापावतीवरच लिहावी. साठ्याची नोंद कोरड्या टनांत करावी.

मापाने घेणाऱ्याला तर ओल दुप्पट फसवते. रेतीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर आला की कण एकमेकांपासून दूर राहतात आणि रेती फुगते. पाच-सहा टक्के ओलीला बारीक रेती २५ टक्के आणि कधी त्याहूनही जास्त फुगते. ३ ब्रास ओली रेती म्हणून जे घेतले ते कोरडे झाल्यावर २.४ ब्रास भरते. गंमत म्हणजे रेती पाण्यात पूर्ण बुडाली की हा फुगवटा जातो, आणि तपासणी त्यावरच आहे. काचेच्या मापात ओली रेती २०० मिलीपर्यंत भरायची, पाणी ओतून ढवळायची, बसू द्यायची. १६० वर आली तर फुगवटा २५ टक्के. भारतीय मानक २३८६ च्या तिसऱ्या भागात ही पद्धत आहे. दहा मिनिटांचे काम आहे आणि पुरवठादारासमोर केले तर वाद तिथेच मिटतो.

काट्याबद्दलही सांगितले पाहिजे. वैधमापन खात्याकडून वजनकाट्याची फेरपडताळणी दर बारा महिन्यांनी व्हावी लागते. त्या प्रमाणपत्राची प्रत हिशेबाच्या फाइलमध्ये हवी. त्याहून मोठी गळती रिकाम्या काट्यात आहे. सोयीसाठी गाडीचे रिकामे वजन सकाळी एकदाच घेतात आणि दिवसभर तेच वापरतात. सकाळी गाडी धुतलेली असते. पावसाळ्यात तिसऱ्या खेपेपर्यंत हौद्याच्या कोपऱ्यांत चिखल-चुरी बसते, दोन-तीनशे किलो सहज. रोज सहा खेपा आणि पंचवीस दिवस धरले तर ३०० किलोंच्या हिशेबाने एका डंपरमागे महिन्याला ४५ टन माल आला म्हणून नोंदला जातो आणि प्रत्यक्षात तसाच परत जातो. डिझेलची टाकीही विसरू नये: ३०० लिटर डिझेल म्हणजे जवळपास २५० किलो. रिकाम्या टाकीने रिकामा काटा आणि भरल्या टाकीने भरला काटा केला की तेवढे वजन खडीच्या भावाने विकले जाते. प्रत्येक खेपेला दोन्ही काटे, निदान पावसाळ्याच्या चार महिन्यांत तरी, असा नियम असावा.

आता ढीग. शंकूच्या आकाराचा ढीग टेपने मोजता येतो. बुडाचा घेर ४४ मीटर असेल तर त्रिज्या ७ मीटर. उंची ५ मीटर. घनफळ सुमारे २५७ घनमीटर, ९१ ब्रासच्या आसपास, आणि १.५ घनतेने ३८५ टन. उंची मोजताना अर्ध्या मीटरची चूक झाली तर साडेअडतीस टन इकडचे तिकडे. त्रिज्येत अर्धा मीटर चुकला तर पंधरा टक्के फरक, कारण त्रिज्येचा वर्ग होतो. म्हणून पायांनी पावले टाकून घेर काढू नये, आणि उंची काठी लावून डोळ्याने ठरवू नये. खडी साधारण ३५ ते ४० अंशांच्या उतारावर स्थिर होते. घेर आणि उंचीवरून निघणारा कोन याबाहेर गेला तर मोजमापातच चूक आहे असे समजून पुन्हा मोजावे. लोडरने एका बाजूने खाल्लेला ढीग शंकू राहत नाही. त्याला आधी सपाट करून चौथरा करावा किंवा ड्रोन-सर्वेक्षण करून घ्यावे.

कच्च्या जमिनीवरच्या ढिगात आणखी एक खड्डा आहे. त्या ७ मीटर त्रिज्येच्या ढिगाचा खालचा पंधरा सेंटिमीटरचा थर मातीत मिसळून जातो. तो थर २३ घनमीटर, ३५ टन, म्हणजे ढिगाच्या नऊ टक्के. हा माल कधीच विकला जाणार नाही, तरी तो वर्षानुवर्षे साठ्यात दिसतो. आमचे मत स्पष्ट आहे: तो आवार तयार करण्याचा खर्च म्हणून पहिल्याच वर्षी खर्ची टाकावा. खाली काँक्रीटचा थर घातला तर हा प्रश्न राहत नाही.

टेपने केलेल्या मोजणीत पाच टक्के इकडे-तिकडे होणारच. म्हणून दर महिन्याचा फरक लगेच खर्ची टाकू नये. तसे केले तर नफा दर महिन्याला वर-खाली नाचतो आणि खरी गळती त्या नाचण्यात लपते. याला एक साधा उपाय आहे आणि या पत्रातली आमची मुख्य सूचना तीच आहे. प्रत्येक मालाचे दोन ढीग ठेवावेत. एक भरत असताना दुसरा वापरावा, आणि वापरातला ढीग तळापर्यंत संपवावा. ज्या दिवशी तो संपतो त्या दिवशी त्याची पुस्तकातली शिल्लक शून्य असली पाहिजे. पुस्तकात २२ टन उरले असतील तर ती तूट खरी, तिच्यात अंदाजाचा भाग नाही. ती त्याच दिवशी तूट खात्यात जावी आणि त्या ढिगातून गेलेल्या एकूण मालाशी तिची टक्केवारी काढावी. चार-सहा ढीग संपले की त्या आवाराची स्वाभाविक घट किती हे कळते, आणि सातवा ढीग दुप्पट तूट दाखवतो तेव्हा चौकशी कुठे करायची हेही कळते. मुंबईतल्या प्लँटला जागा नसते हे मान्य. मग सर्व माल एकाच वेळी करू नयेत, एका पंधरवड्यात एकाच मालाचा कप्पा झाडून रिकामा करावा. सिमेंटच्या सायलोलाही (उभ्या टाकीलाही) हेच लागू. हवा भरलेले सिमेंट फुगते, वरून टेप टाकून घेतलेले माप फसवते. सायलो महिन्यातून एकदा रिकामा होऊ द्यावा आणि बल्करच्या (सुटे सिमेंट आणणाऱ्या टँकरच्या) काटापावत्या व बॅचच्या (काँक्रीटच्या प्रत्येक घाण्याच्या) नोंदी तेव्हा जुळवाव्यात.

तुटीचा जीएसटीशी संबंध आहे तो अनेकांना माहीत नसतो. दळताना, वाहताना होणारी स्वाभाविक घट हा उत्पादनाचा भाग. पण चोरीला गेलेला, वाहून गेलेला किंवा पुस्तकातून काढून टाकलेला माल असेल तर त्याच्या खरेदीवरील जीएसटीचे घेतलेले क्रेडिट (वजावट) परत करावे लागते. दोन्ही एकाच ‘तूट’ खात्यात टाकले तर अधिकाऱ्यासमोर सगळीच रक्कम संशयात येते. स्वाभाविक घटीची टक्केवारी वर सांगितल्याप्रमाणे कागदावर असेल तर बोलायला आधार राहतो.

क्रशरवाल्यांचा प्रश्न वेगळा आणि जास्त खोल आहे. एकाच दगडातून २० मिमी, १० मिमी, क्रश सँड आणि कच (बारीक चुरा) निघते. खर्च एकच, माल चार. बहुतेक ठिकाणी एकूण खर्चाला एकूण टनांनी भागतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १,००० टन दगड फोडायला ३ लाख रुपये लागले. ४०० टन वीस मिमी, २०० टन दहा मिमी, २५० टन क्रश सँड, १३० टन कच, आणि २० टन धूळ म्हणून उडाले. टनाने भागले तर प्रत्येक मालाची किंमत ३०६ रुपये येते. कच बाजारात १५० रुपयांना जाते असे धरा. म्हणजे कचेच्या प्रत्येक टनावर १५६ रुपये हवेतले. आणि साठून राहतो तो नेमका कचेचा डोंगर, कारण खडी-सँड रोज उठते. तीन वर्षांत दहा हजार टन कच साठली तर पंधरा लाखांहून जास्त नफा केवळ कागदावर दिसतो, त्यावर कर भरला जातो, त्या साठ्यावर बँकेकडून पैसे उचलले जातात.

योग्य रीत अशी: कच हे उपउत्पादन धरून तिची विक्रीयोग्य किंमत, इथे १९,५०० रुपये, एकूण खर्चातून वजा करावी. उरलेले २,८०,५०० रुपये बाकीच्या तीन मालांवर त्यांच्या विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटावेत. दर अनुक्रमे ६००, ५०० आणि ७०० धरले तर वीस मिमीला टनामागे ३२७, दहा मिमीला २७२ आणि क्रश सँडला ३८१ रुपये येतात. लेखामानक २ प्रमाणे साठा हा उत्पादनखर्च किंवा निव्वळ वसूल होणारी किंमत, यांतले जे कमी त्यावरच दाखवायचा असतो. कचेला हे कठोरपणे लावावे. पावसाळ्यात प्लँट निम्मा बंद असतो. त्या महिन्यांचा स्थिर खर्च निघालेल्या थोड्या मालावर चढवला तर साठ्याची किंमत फुगते. तो खर्च नेहमीच्या क्षमतेने वाटावा आणि न वाटला गेलेला भाग सरळ नफातोटा पत्रकात जावा.

स्वामित्वधन म्हणजे खनिजापोटी सरकारला भरायची रक्कम. ती भरल्याचे वाहतूक पास हे पैसेच आहेत, पण ते चलनांच्या गठ्ठ्यात टाचणी लावून पडलेले असतात. राज्यात जुलै २०२१ पासून ब्रासमागे ६०० रुपये दर आहे, शिवाय जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा अंशदानाचा भाग. चार ब्रासच्या एका गाडीमागे २,४०० रुपये. सरकारी कामांत कंत्राटदाराने पास दिले नाहीत तर बिलातून वापरलेल्या खडीएवढे स्वामित्वधन कापले जाते. म्हणजे एक पास हरवला की तेच पैसे दुसऱ्यांदा जातात. विनापास माल सापडला तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. आणि २०२५ च्या कृत्रिम वाळू धोरणात पात्र प्रकल्पांना ब्रासमागे २०० रुपयांचा सवलतीचा दर आहे, तेव्हा क्रश सँडचे उत्पादन खडीपासून वेगळे दाखवता येणे याला आता रोख किंमत आली आहे. पास क्रमांक, काटापावती क्रमांक, गाडी क्रमांक आणि खरेदी बिल या चार गोष्टी एका ओळीत असलेली नोंदवही ठेवावी. ई-वे बिलावर (जीएसटीच्या ऑनलाइन वाहतूक पावतीवर) भिस्त ठेवून उपयोग नाही. राज्यांतर्गत एक लाखाच्या आतल्या मालाला ते लागत नाही आणि खडीची एक गाडी त्या रकमेच्या जवळपासही जात नाही.

रेडिमिक्सबद्दल थोडक्यात. बॅचच्या छापील नोंदीतले रेतीचे वजन ओल्या रेतीचे असते. साठा कोरड्या टनांत ठेवला आणि खप ओल्या टनांत टाकला तर दर महिन्याला रेती ‘वाढते’. प्लँट चालवणाऱ्याने ओलीचा आकडा बदलला नाही तर काँक्रीटमध्ये रेती कमी आणि पाणी जास्त जाते, तेव्हा हा फरक नुसता हिशेबाचा राहत नाही, ताकदीचा होतो. भारतीय मानक ४५६ सिमेंटच्या वजनात दोन टक्के आणि खडी, रेती, पाण्याच्या वजनात तीन टक्के फरक मान्य करते. त्याबाहेरची बॅच लेखापालानेही विचारावी. परत आलेले काँक्रीट त्या-त्या साइटच्या नावे तोटा म्हणून लिहावे. ते एकूण खपात दडवले की कोणती साइट नुकसानीत आहे हे कधीच कळत नाही.

कळंबोलीच्या बाजारातून येणाऱ्या सळईतही असाच एक फरक दडलेला असतो. १२ मिमी सळईचे मीटरला सैद्धांतिक वजन ०.८९ किलो, आणि मानकाप्रमाणे त्यात पाच टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालते. माल तीन टक्के हलका आला तर काट्यावर १०० टन घेतलेली सळई लांबीच्या हिशेबाने १०३ टन भरते. खरेदी वजनावर, बिल लांबीवर. ही तीन टनांची वाढ वेगळ्या खात्यात दाखवली नाही, तर तेवढीच सळई आवारातून गेली तरी पुस्तक जुळलेलेच दिसेल.

यंत्रांकडे वळतो. पोकलेन, लोडर, डंपर यांचा खर्च बहुतेक मालक हप्त्यावरून मोजतात. हप्ता म्हणजे खर्च नव्हे. त्यातले व्याज तेवढे खर्च, बाकी कर्जफेड. हप्ता हाच खर्च धरला तर पहिली तीन-चार वर्षे मशीन तोट्यात दिसते आणि कर्ज फिटले की एकदम फायद्यात. मग त्या ‘फायद्याच्या’ जोरावर तासाचा दर पाडला जातो, आणि नेमक्या त्याच वेळी साखळी, रोलर, हायड्रॉलिक पंप यांचा मोठा खर्च येतो. त्यासाठी काहीच बाजूला काढलेले नसते.

तासाचा खर्च असा बसवावा. समजा वीस टनी पोकलेन ६० लाखांची. त्यातला चेन, रोलर, स्प्रॉकेटचा संच ८ लाखांचा आणि काळ्या दगडात तो ५,००० तास टिकतो: तासाला १६० रुपये. उरलेले ५२ लाख, विकून येणारे १० लाख वजा, १२,००० तास आयुष्य: तासाला ३५०. डिझेल तासाला १४ लिटर. ऑपरेटर-हेल्परचा पगार, विमा आणि व्याज हे महिन्याचे खर्च. ते प्रत्यक्ष चालणाऱ्या तासांनी भागावेत. वर्षाला २,००० तास मिळतील या आशेने दर काढला आणि पावसामुळे १,२०० च मिळाले तर व्याजाचा तासाचा बोजा दीडपटीहून जास्त होतो. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात माती उकरणाऱ्या यंत्रांना ९ वर्षे आणि क्रशर-काँक्रीटच्या यंत्रांना १२ वर्षे आयुष्य दिले आहे, आणि वेगळे आयुष्य असणारा मोठा भाग वेगळा धरून घसारा काढायला सांगितले आहे. लेखामानक १० तासांवर आधारित घसाराही मान्य करते. आयकरात मात्र यंत्राला १५ टक्के आणि भाड्याने चालणाऱ्या मालट्रकना ३० टक्के, तेव्हा दोन तक्ते ठेवणे अटळ आहे. जॉ प्लेट, स्क्रीनची जाळी, बकेटचे दात यांना मालमत्तेत चढवू नये. ते झिजायचेच भाग आहेत. साठ्यात घ्यावेत आणि बसवले त्या दिवशी खर्ची टाकावेत, किती टन दगडानंतर बदलले ते लिहून.

डिझेलच्या वहीत तीन रकाने सोबत हवेत: तास, लिटर आणि निघालेले टन किंवा ब्रास. नुसता ‘तासाला किती लिटर’ हा आकडा दिशाभूल करतो. १४ लिटर खाणारे मशीन अचानक ९ वर आले तर आनंद मानू नये. ते उभ्या-उभ्या चालू राहिले असेल, मीटरचे तास वाढले आणि काम झाले नाही. उलट २० वर गेले तर मीटरची वायर काढलेली आहे का, हायड्रॉलिकमध्ये बिघाड आहे का, की डिझेल बाहेर गेले, हे त्याच आठवड्यात पाहावे. बाउझर (साइटवर डिझेल पुरवणारा टँकर) उतारावर उभा असताना डिपस्टिक घेऊ नये. आणि १२,००० लिटरच्या टँकरमध्ये दहा अंशांच्या फरकाने सुमारे १०० लिटर कमी-जास्त दिसतात, तेव्हा भर दुपारी भरून पहाटे मोजलेला फरक ड्रायव्हरच्या पगारातून कापणे अन्याय आहे. डिझेल जीएसटीबाहेर असल्यामुळे त्यावर क्रेडिट मिळत नाही, म्हणजे वाया गेलेला प्रत्येक लिटर पूर्ण किमतीने जातो.

स्वतःचे डंपर असणाऱ्यांनी खेपेचा खर्च खडीच्या किमतीत चढवावा. मुंबईत पुष्कळदा मालापेक्षा वाहतूक महाग असते. हे चढवले नाही तर खडी स्वस्त आणि गाड्या तोट्यात दिसतात, आणि निर्णय गाड्या विकण्याचा होतो. आवारात माल येईपर्यंतची वाहतूक साठ्याच्या किमतीत, आवारातून ग्राहकाकडे जाणारी विक्रीखर्चात.

एक विनंती करून थांबतो. वाणिज्य शाखेच्या मुलांना साठ्याचे मूल्यमापन शिकवतात ते नगांवर: इतके नग आले, इतके गेले. ढीग, सायलो, बाउझर यांचा एकही प्रत्यक्ष तास त्यांना मिळत नाही. मुंबईतली महाविद्यालये आणि सनदी लेखापालांच्या शाखांनी एखाद्या आवारात अर्धा दिवस ठेवावा. एक टेप, १५ लिटरचे माप, रेती फुगते का ते दाखवणारा काचेचा नळा, एका गाडीचे दोन्ही काटे आणि एका मशीनचे महिन्याचे लॉगबुक एवढे साहित्य पुरे. कार्यक्रम जूनमध्ये ठेवावा, पहिल्या पावसानंतर, म्हणजे कोरडा आणि ओला असे दोन्ही ढीग एकाच दिवशी मोजता येतील.

आपले,
बांधकाम साहित्य व यंत्रसामग्रीच्या हिशेबाचे काम करणारे काही लेखापाल,
मुंबई